वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये ‘आतड्याची भिंत जाड’ असे आले आहे. याचा अर्थ कसा लावावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे असून सातारा जिल्ह्यात गावी शेती पाहतात. त्यांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्याने मूतखड्याच्या संशयावरून त्यांच्या पोटाचा साधा सीटी स्कॅन केला. डाव्या मूत्रनलिकेत ५ मिमीचा खडा दिसला आणि चार दिवसांत तो पडूनही गेला. मात्र त्याच अहवालाच्या शेवटी दोन ओळी होत्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याची सुरुवात या ठिकाणी भिंत चहूबाजूंनी जाड झाली असून जास्तीत जास्त जाडी ८ मिमी आहे, शेजारी चार-पाच लसिका ग्रंथी दिसतात, त्यांपैकी सर्वांत मोठी ११ मिमीची आहे, आणि रुग्णाच्या लक्षणांशी हे ताडून पाहून कोलोनोस्कोपीचा (गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून आतडे पाहण्याच्या तपासणीचा) विचार करावा, असे त्यात लिहिले आहे.

या दोन ओळींवर आम्हाला तीन वेगवेगळी मते मिळाली. गावातील डॉक्टरांनी हा अमीबाचा प्रकार असल्याचे सांगून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तालुक्याच्या दवाखान्यात अहवाल पाहताच ‘हा टीबीच आहे, गोळ्या सुरू करून टाकू, फरक पडला की कळेलच’ असे सांगितले. खड्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोटविकारतज्ज्ञांना दाखवण्यास सांगितले आहे. वडिलांचे म्हणणे असे की खडा पडला, दुखणे थांबले, आता नळी घालून काय शोधायचे. मी इंटरनेटवर वाचायला बसले आणि कर्करोग हा शब्द दिसल्यापासून माझी झोप उडाली आहे.

८ मिमी जाडी कितपत गंभीर समजावी, हा कर्करोग असू शकतो का, आणि कोलोनोस्कोपी टाळून दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

क्षकिरण

मी गेली वीस वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करतो. आपल्या वडिलांच्या प्रतिमा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे हे निदान समजू नये. अहवालातील शब्द कसे वाचायचे एवढेच मी सांगू शकतो.

आतडे हवेने किंवा द्रवाने नीट फुगलेले असेल, तर त्याची भिंत साधारण १ ते २ मिमी जाड दिसते आणि ३ मिमीपर्यंत आम्ही ती सर्वसाधारण मानतो. आतडे रिकामे आणि मिटलेले असेल, तर तीच भिंत अधिक जाड भासते, जसे हवा गेलेल्या फुग्याचे रबर जाड दिसते. मिटलेल्या मोठ्या आतड्याची ५ मिमीपर्यंतची जाडी म्हणूनच आम्ही सहसा रोग समजत नाही. खड्यासाठी केलेल्या स्कॅनमध्ये तोंडावाटे औषध देऊन आतडी फुगवलेली नसतात आणि शिरेतून कॉन्ट्रास्टही (अवयव उठून दिसावेत म्हणून दिले जाणारे औषध) दिलेला नसतो. मूतखडा पांढराशुभ्र दिसावा यासाठी हा स्कॅन अगदी योग्य आहे, पण आतड्याच्या भिंतीबद्दल तो अर्धीच गोष्ट सांगतो. भिंतीचे थर वेगळे दिसतात का आणि ग्रंथींच्या मध्यभागी सडलेला भाग आहे का, हे कॉन्ट्रास्टशिवाय कळत नाही.

असे असले तरी ८ मिमी हा आकडा मिटलेल्या आतड्याच्या खात्यावर टाकून मोकळे होण्यासारखा नाही, विशेषतः जाडी एकमेकांना लागून असलेल्या दोन भागांत असताना आणि शेजारी ग्रंथी असताना. त्यामुळे अहवाल लिहिणाऱ्याने कोलोनोस्कोपीची शिफारस केली, ती जबाबदारी झटकण्यासाठी केली आहे असे मला वाटत नाही.

कर्करोगाबद्दल सांगायचे तर केवळ जाडीच्या आकड्यावरून तो ठरत नाही. आम्ही पाहतो ते जाड भाग किती लांब आहे, भिंत एका बाजूने जास्त फुगली आहे की सगळीकडून सारखी आहे, आणि निरोगी भाग कुठे संपतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा ५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीत, एकांगी आणि ओबडधोबड असतो, आणि निरोगी भिंतीपासून जाड भिंतीपर्यंतचा बदल पायरी चढल्यासारखा अचानक होतो. १० ते ३० सेंटिमीटर लांबीची, चहूबाजूंनी सारखी आणि हळूहळू कमी होत जाणारी जाडी असेल, तर संसर्ग, क्षयरोग, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) किंवा रक्तपुरवठ्याचा दोष यांचा विचार आधी येतो. या नियमाला अपवाद आहेत. आतड्याचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) लांब भागात पसरलेला असू शकतो आणि क्षयरोगाची जाडी पुष्कळदा एकांगी असते. आपल्या अहवालात ‘चहूबाजूंनी’ हा शब्द आहे, पण लांबी दिलेली नाही. ज्या केंद्रात स्कॅन झाला तेथील रेडिओलॉजिस्टना भेटून लांबी विचारावी. प्रतिमा त्यांच्याकडे असतात आणि हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाच्या कुटुंबाला पूर्ण हक्क आहे.

पोटविकार_तज्ज्ञ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पण मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, कारण त्यांच्यावरच पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे. गेल्या सहा महिन्यांत वडिलांचे वजन किती उतरले? संध्याकाळी अंगात कसर भरते का, रात्री घाम येतो का? बेंबीच्या उजवीकडे खाली दुखते का, पोटात गुरगुर होऊन गोळा उठतो का? शौचातून रक्त जाते का? हिमोग्लोबिन किती आहे? सांधेदुखी किंवा अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घेतात का? घरात किंवा शेजारी कोणाला क्षयरोग झाला होता का? आणि गुदद्वाराजवळ कधी गळू किंवा भगंदर झाले होते का?

कृष्णाकाठ

आपण विचारल्यावर मी वडिलांशी फोनवर बसून सविस्तर बोलले, आणि आम्ही घरचे इतके दिवस काय पाहत होतो असा प्रश्न मला पडला. त्यांचे वजन चार महिन्यांत ६४ किलोवरून ५८ वर आले आहे. साखरेमुळे वाळले असे सगळे समजत होते. संध्याकाळी अंग मोडून येते, पण थर्मामीटर कोणी लावला नाही. जेवणानंतर तासा-दोन तासांनी उजवीकडे गोळा उठतो, पोट गुरगुरते आणि वारा सरला की एकदम मोकळे वाटते. हे दिवाळीपासून आहे, पण ‘वाताचा त्रास’ म्हणून ते ओवा खाऊन भागवत होते. रक्त जात नाही. हिमोग्लोबिन १०.२ आहे. गुडघ्यासाठी अधूनमधून गोळी घेतात, रोज नाही. भगंदर कधी झाले नाही. आमच्या चुलत आजोबांना अनेक वर्षांपूर्वी छातीचा क्षय झाला होता, पण तेव्हा वडील लहान होते.

तिसरी_घंटा

एक वेगळा अनुभव येथे नोंदवतो. माझ्या आईच्या अहवालातही मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणदार भागाची भिंत ६ मिमी जाड असल्याचे लिहिले होते आणि आम्हीही असेच घाबरलो होतो. कोलोनोस्कोपीत भिंतीला पडलेले काही जुने कप्पे सोडले तर काहीच निघाले नाही. स्नायू जाड झाल्यामुळे आणि तो भाग मिटलेला असल्यामुळे तसे दिसले, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यामुळे मला वाटते की थोडे थांबून पुन्हा स्कॅन करण्यात काही गैर नसावे.

क्षकिरण

आपल्या आईच्या बाबतीत जे झाले ते आम्ही नेहमी पाहतो, आणि तो भाग मिटलेला असताना चकवतोही फार. परंतु त्या प्रकरणात शंका फिटली ती कोलोनोस्कोपीमुळे, थांबल्यामुळे नव्हे, हे लक्षात घ्यावे. काहीही त्रास नसलेल्या, वजन टिकून असलेल्या आणि नुकतेच जुलाब होऊन गेलेल्या तरुण माणसात काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे मीही सुचवतो, आणि शक्य तेथे त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय निवडतो, कारण पोटाच्या एका सीटीतून मिळणारे किरण निसर्गातून काही वर्षांत मिळणाऱ्या किरणांइतके असतात. येथे मात्र सहा किलो वजन उतरले आहे, रक्त कमी आहे आणि गोळा उठतो. वाट पाहण्याचा सल्ला या माणसासाठी नाही.

पोटविकार_तज्ज्ञ

कृष्णाकाठ, आपण दिलेली माहिती फार उपयोगी आहे. जेवणानंतर गोळा उठणे, गुरगुर होणे आणि वारा सरल्यावर मोकळे वाटणे याचा अर्थ बहुधा असा की आतड्याचा एखादा भाग अरुंद झाला असून अन्न पुढे ढकलण्यासाठी त्याच्या आधीचे आतडे जोर लावत आहे. आपल्या भागातील माणसे हे लक्षण ज्या नेमक्या शब्दांत सांगतात, ते शब्द पुष्कळदा मला अहवालापेक्षा जास्त सांगून जातात. त्यामुळे स्कॅनवरची जाडी आणि वडिलांचा त्रास हे एकाच ठिकाणचे आहेत असे धरून चालावे. मूतखडा हे केवळ निमित्त झाले.

या जागेबद्दल थोडे सांगतो. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे लसिका पेशींची दाटी असते आणि अन्नरस तेथे काही काळ रेंगाळतो. आतड्याच्या क्षयरोगाचे हे सर्वांत आवडते ठिकाण आहे आणि क्रोन्सचेही तेच आहे. विषमज्वराचे जंतूही येथेच भिंतीत शिरतात, पण तो आजार काही आठवड्यांत एकीकडे किंवा दुसरीकडे लागतो, तो चार महिने चालत नाही. अमीबा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जखमा करतो, पण लहान आतड्याचा शेवट तो सहसा सोडून देतो. शिवाय वडिलांना जुलाब किंवा आव नाही. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्यांनी प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. कर्करोग आणि लिम्फोमा यांची शक्यता मी पुसून टाकत नाही. ५८ वर्षांच्या माणसात रक्तक्षय आणि वजन घटणे असताना ती पुसता येत नाही, आणि आतड्याचा छोटा तुकडा (बायोप्सी) काढून तपासण्याचे तेही एक कारण आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात सुचवलेल्या मार्गाबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. क्षयरोग असण्याची शक्यता येथे खरोखरच मोठी आहे, त्यामुळे त्या डॉक्टरांचा अंदाज चूक ठरेल असे मी म्हणत नाही. पण तुकडा न घेता गोळ्या सुरू करणे चूक आहे. क्षयरोग आणि क्रोन्स स्कॅनवर इतके सारखे दिसतात की अनुभवी माणसेही फसतात, आणि दोहोंचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. क्षयरोग असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय शरीरभर पसरू शकतो. क्रोन्स असताना क्षयाच्या गोळ्या दिल्या, तर महिने वाया जातात आणि तोवर आतडे आकसत राहते. एकदा गोळ्या सुरू झाल्या की नंतर घेतलेल्या तुकड्यात जंतू सापडण्याची शक्यताही कमी होते.

इंद्रायणी_तीर

वरील परिच्छेद वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या धाकट्या बहिणीला वयाच्या चोविसाव्या वर्षी असाच अहवाल आला होता. एका रुग्णालयात केवळ स्कॅन पाहून तिला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. पहिले दोन महिने तिला बरे वाटले, वजनही दीड किलो वाढले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर पुन्हा दुखू लागले तेव्हा उपचार सहाचे नऊ महिने केले गेले. वर्षभराने दुसरीकडे कोलोनोस्कोपी झाली, तेव्हा क्रोन्स असल्याचे निष्पन्न झाले आणि तोपर्यंत आतडे इतके आकसले होते की २० सेंटिमीटर भाग काढून टाकावा लागला. आज ती नोकरी करते आणि बरी आहे. पण ते एक वर्ष वाचले असते, ही खंत आमच्या घरातून गेलेली नाही. सुरुवातीला बरे वाटले म्हणजे निदान बरोबर होते असे समजू नका, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभार. मी हा सगळा संवाद वडिलांना वाचून दाखवला. पोटात गोळा उठण्याबद्दलचा भाग ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग ‘करून टाकू’ एवढेच म्हणाले. सातारा शहरातील पोटविकारतज्ज्ञांकडे पुढील आठवड्याची वेळ मिळाली आहे. कोलोनोस्कोपीच्या आधी आम्ही कशाची काळजी घ्यावी आणि डॉक्टरांना काय विचारावे?

पोटविकार_तज्ज्ञ

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम. लहान आतड्याच्या टोकापर्यंत दुर्बीण नेता येईल का, हे आधी विचारा, कारण मोठे आतडे पाहून परत फिरल्यास अर्धी तपासणी होते. जखमांच्या कडेवरून आणि तळातून मिळून सात-आठ तरी तुकडे घ्यावेत, आणि ते दोन वेगळ्या बाटल्यांत जावेत. फॉर्मॅलिनमधील तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी असतात, तर कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुके शोधणारी चाचणी) या तपासण्यांसाठी साध्या सलाईनमधील तुकडे लागतात. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नातेवाइकांनी हा प्रश्न नम्रपणे आधीच विचारून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

पोटसाफीच्या औषधाबाबत वडिलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. आतडे अरुंद असण्याची शक्यता असल्याने ते द्रावण घाईने न पिता सावकाश, दोन भागांत विभागून घ्यावे, आणि मध्येच पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर पिणे थांबवून लगेच फोन करावा. आदल्या दोन दिवसांत पालेभाज्या, कोशिंबीर, बिया आणि साली असलेले पदार्थ नकोत. मऊ भात, वरणाचे पाणी आणि ताक चालते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर आठवडाभर आधी बंद कराव्यात, कारण त्यांमुळे आतड्यात काळा थर राहतो. उपाशीपोटी मधुमेहाची कोणती गोळी घ्यायची आणि कोणती टाळायची हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे, आणि त्या दिवशी सकाळी साखर मोजावी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगावी.

छातीचा एक्स-रे करावा, पण तो स्वच्छ आला म्हणून पोटात क्षय नाही असे मानू नये. आतड्याच्या क्षयाच्या अनेक रुग्णांची छाती निर्मळ असते. पुढे कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायचे ठरले, तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास ते सांगावे.

कृष्णाकाठ (२६ दिवसांनंतर)

सर्वांना कळवायचे राहिले होते. कोलोनोस्कोपी व्यवस्थित पार पडली. दोन्ही आतड्यांमधील झडप आकसून तिचे तोंड उघडे राहिले होते, आसपास आडव्या जखमा होत्या आणि लहान आतड्यात १० सेंटिमीटरपर्यंत दुर्बीण गेली. आठ तुकडे घेतले आणि मी विचारण्याआधीच डॉक्टरांनी दोन बाटल्या तयार ठेवल्या होत्या. सीबीनॅटमध्ये क्षयाचे जंतू आढळले नाहीत, तेव्हा आम्ही पुन्हा गोंधळलो. पण पॅथॉलॉजीच्या अहवालात आठांपैकी दोन तुकड्यांत मध्यभाग सडलेले ग्रॅन्युलोमा (सूजेच्या पेशींचे सूक्ष्म पुंजके) दिसले, कर्करोगाच्या पेशी कोठेही नाहीत, आणि निदान क्षयरोगाचे झाले. कल्चर अजून यायचे आहे. सरकारी कार्यक्रमात नाव नोंदवून मोफत गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि आज बारावा दिवस आहे. संध्याकाळची कसर गेली. सीबीनॅट नकारात्मक असूनही निदान पक्के कसे, हे वडील विचारत आहेत.

पोटविकार_तज्ज्ञ

कळवलेत हे फार बरे केले. आतड्याच्या तुकड्यात क्षयाचे जंतू अगदी थोडे असतात, म्हणून ही तपासणी सकारात्मक आली तर फार मोलाची असते, पण नकारात्मक आल्याने क्षय नाही असे सिद्ध होत नाही. मध्यभाग सडलेले ग्रॅन्युलोमा क्रोन्समध्ये दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला भक्कम आधार आहे.

आता पुढच्या काळजीचे सांगतो. क्षयाच्या गोळ्यांपैकी रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होईल, त्याला घाबरू नये. हेच औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते, म्हणून साखर पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा तरी मोजावी. भूक मेली, मळमळ वाढली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग नीट ओळखता येईनासा झाला, तरीही तसेच करावे, कारण त्यांतील एथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्यांच्या नसेला बाधू शकते. जखमा भरताना त्यांचा व्रण आकसतो, त्यामुळे औषध लागू पडत असतानाही गोळा उठणे काही काळ राहू शकते. पण पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वारा सरेनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून जखमा भरल्या आहेत का हे पाहण्याचा आग्रह धरा. इंद्रायणी_तीर यांच्या बहिणीच्या बाबतीत तीच एक पायरी राहून गेली होती.

द्रव माध्यमातील कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. तो अहवाल आला की येथे अवश्य लिहा, म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या क्षयाच्या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत आहेत का हेही कळेल.